व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करताना: प्लग लावण्याआधी काय, नंतर काय

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा काचेच्या नळ्यांवर चालणारा, रेडिओ खाली येतो. कुणीतरी फडक्याने पुसतं आणि म्हणतं, "लावून तर बघू, चालतोय का." सांगली-साताऱ्याकडचे जे सेट माझ्या टेबलावर येतात, त्यातले बरेचसे या एका "लावून बघू"नेच गेलेले असतात. तीस-चाळीस वर्षं बंद असलेल्या सेटला थेट २३० व्होल्ट दिले की पहिला अर्धा मिनिट छान घुमल्यासारखा आवाज येतो. मग मेणाचा वास, मग डांबराचा वास. डांबराचा वास आला म्हणजे ट्रान्सफॉर्मर गेला. दहा मिनिटांत दोन कंडेन्सर बदलून उभा राहिला असता असा सेट त्यानंतर महिनोन्‌महिने अडून बसतो.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. पायऱ्या पुढेमागे करू नका. एक पायरी पूर्ण होऊन तपासणी बरोबर आल्याशिवाय पुढची धरू नका.

आधी तयारी

मल्टिमीटर डिजिटल घ्या, ६०० व्होल्ट डीसी मोजणारा. त्याच्या वायरी धड आहेत का हे मीटरइतकंच महत्त्वाचं. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा चालतो, पण चासीवरचे, म्हणजे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्यावरचे, सोल्डरचे जाड डाग काढायला ६० वॅटचा लागतो. सोल्डर राळेच्या गाभ्याची घ्या. पत्र्याच्या कामाला वापरतात ती ॲसिडची पेस्ट रेडिओत कधीही लावू नका. दोन पावसाळ्यांत जोड हिरवे पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे सिरीज बोर्ड. मोटार रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात तो भिंतीला लावलेला असतो. एक होल्डर आणि एक सॉकेट, बल्ब सेटच्या सिरीजमध्ये. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि सेट वाचतो. यात एलईडी बल्ब चालत नाही, फिलामेंटचा जुना पिवळा बल्बच लागतो. ४०, ६० आणि १०० वॅटचे प्रत्येकी दोन मिळाले की ठेवून द्या, ते आता सहज मिळत नाहीत.

चार्ज उतरवायला १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशनच्या क्लिप लावा. एक क्लिप चासीला, दुसरी एच.टी.ला (हाय टेन्शन, सेटमधलं उच्च डीसी व्होल्टेज), आणि दहापर्यंत मोजा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत सोडून द्या. तिने कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्यांनाही धोका असतो.

> सावधान: एसी सेटमध्ये एच.टी. म्हणजे २५० ते ३०० व्होल्ट डीसी. प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहतो. पायात रबरी चप्पल, खाली कोरडा लाकडी पाट, चालू सेटमध्ये हात घालायचा तर एकच, दुसरा खिशात. घरात दुसरं माणूस असल्याशिवाय चालू सेटवर काम करू नका.

## १. सेट कोणत्या जातीचा ते ओळखा

ही पायरी सगळे गाळतात. जीव जातो तो इथेच.

एसी सेटमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मर असतो. व्हॉल्व्हची नावं 'ई'ने सुरू होतात: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ (स्पीकरकडचा आउटपुट व्हॉल्व्ह), ईझेड ८० (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर). एसी-डीसी सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो आणि नावं 'यू'ने सुरू होतात: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५. या दुसऱ्या जातीत विजेची एक वायर थेट चासीला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर चासी, नॉबचे स्क्रू, मागच्या जाळीचे खिळे, सगळं २३० व्होल्टला.

तिसरी जात बॅटरी सेटची. नावं 'डी'ने सुरू होतात: डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६. वीज नसलेल्या वाड्यावस्त्यांवर हेच असायचे. माण-खटाव, जतकडे अजून सापडतात. यांचे फिलामेंट १.४ व्होल्टचे आणि केसासारखे बारीक. ९० व्होल्टची तार चुकून तिकडे लागली की सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात उडतात. पहिल्यांदाच करत असाल तर बॅटरी सेट बाजूला ठेवा.

नावांवर विसंबू नका, मीटर लावा. प्लग बोर्डाबाहेर, सेटचा स्विच 'ऑन', मीटर ओहमवर. प्लगच्या एकेका पिनेपासून चासीपर्यंत रोध मोजा. कुठल्याही पिनेकडून शून्य किंवा शेकड्यातला आकडा आला तर चासी जिवंत आहे असं समजा, आत ट्रान्सफॉर्मर दिसत असला तरी. काही सेटमध्ये ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो फसवतो.

जिवंत चासीच्या सेटवर काम करायला १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, १०० व्हीएचा पुरतो. तो नसेल तर सेट उघडू नका. आणि एक गैरसमज: घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या बाजूला तो काम करत नाही, आणि एच.टी.पासून तर तो मुळीच वाचवत नाही.

> तपासणी: जात कागदावर लिहिली? जिवंत चासी असेल तर तिला अर्थिंग जोडायचं नाही हेही लिहिलं?

## २. फोटो, मग साफसफाई

मागचा पुठ्ठा काढला की हात न लावता फोटो काढा. मग नॉब, मग चासी पेटीतून बाहेर, मग खालच्या बाजूचे फोटो, एकेक कोपरा जवळून. डायलची दोरी कोणत्या चाकावरून किती वेढे घेते ते कागदावर काढा. ती तुटल्यावर हे आठवत नाही.

व्हॉल्व्ह काढताना डुलवत सरळ वर घ्या. काचेवरची अक्षरं ओल्या फडक्याने पुसू नका, बोटानेसुद्धा निघतात. पुसट झाली असतील तर काचेवर तोंडाची वाफ सोडा, क्षणभर नंबर उमटतो. लगेच चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी व्हॉल्व्हला बांधा. डोक्याकडचा चंदेरी डाग पाहा. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला.

आता घाण. आपल्याकडे ती गावागणिक बदलते. महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडच्या सेटमध्ये बुरशी आणि दमट झालेला ट्रान्सफॉर्मर. माण-खटावच्या सेटमध्ये बारीक धूळ, लाकूड आटून सुटलेली पेटीची सांधणी. वाईच्या एका वाड्यातल्या सेटमध्ये उंदरांनी पोत्याच्या सुतळीचं घरटं केलं होतं आणि बॅण्ड स्विचवर त्यांच्या मुताने हिरवा थर चढला होता. असं दिसलं तर मास्क आणि हातमोजे घाला, कोरडा ब्रश फिरवून धूळ उडवू नका. आधी ओलसर फडक्याने उचला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

पुराचा सेट हे वेगळं प्रकरण. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वेळी कृष्णेचं पाणी सांगलीत घरांत शिरलं, आणि त्या पाण्यातून निघालेले सेट अजूनही येतात. त्यांच्यात गाळ बसलेला असतो. तो स्वच्छ पाण्याने धुवावाच लागतो, पण त्याआधी ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर काढून घ्या. धुतलेली चासी पंख्याखाली सुकवा. ट्रान्सफॉर्मर लाकडी खोक्यात ४० वॅटच्या बल्बशेजारी तीन-चार दिवस ठेवा. हाताला चांगला गरम लागेल इतपतच ऊब हवी. मग सगळ्या वायरी सोडवून रिवाइंडिंगवाल्याकडे न्या आणि त्याच्या ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणारा मीटर) प्रायमरी, म्हणजे विजेकडची गुंडाळी, ते लोखंड आणि प्रायमरी ते सेकंडरी, म्हणजे सेटकडची गुंडाळी, मोजून घ्या. २० मेगओहमच्या खाली आला तर पुन्हा सुकवा. मेगर फक्त सुट्या ट्रान्सफॉर्मरला लावायचा, जोडलेल्या सेटला कधीच नाही.

> सावधान: डायलच्या काचेला या टप्प्यावर हात लावू नका. का ते शेवटी.

## ३. वीज न लावता मीटरने

सगळे व्हॉल्व्ह बाहेर ठेवून हे मोजा आणि लिहा.

- प्रायमरी: साधारण २० ते ६० ओहम. काहीच आलं नाही तर आधी स्विच, फ्यूज आणि वायर बघा. ट्रान्सफॉर्मरला लगेच दोष देऊ नका.
- एच.टी. सेकंडरी: मधल्या टोकापासून दोन्ही बाजू जवळपास सारख्या. दहा-वीस ओहमचा फरक चालतो, बाहेरच्या वेढ्यांची तार लांब असते म्हणून.
- आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (ईएल ८४ आणि स्पीकरच्या मधला) प्रायमरी: काही शे ओहम. तुटलेली असेल तर पुढे जाऊच नका.
- स्पीकर: वायर काढून मोजा, तीन-चार ओहमच्या आसपास. मीटर लावताना 'टक' आवाज यायला हवा.
- प्रत्येक व्हॉल्व्हचं फिलामेंट: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० या चौघांचंही पिन ४ आणि ५ मध्ये. पिना खालून बघून, मोठी फट सोडून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. मोटार गुंडाळणाऱ्याचा हात जाड तारेवर बसलेला असतो, ही तार केसासारखी असते. लहान ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा शोधा आणि जुना तसाच्या तसा त्याच्या हातात द्या, म्हणजे तो वेढे मोजून काढेल. "रेडिओचा आउटपुट द्या" म्हणून मिळणारा कुठलाही बसवू नका.

रबराची जुनी वायर वाकवून बघा. भुगा झाला तर ती बदला, आणि बदलताना एक काढून एक लावा. सगळ्या एकदम कापल्या की फोटोही वाचवत नाहीत.

## ४. कंडेन्सर बदला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दुकानात आता 'कपॅसिटर' म्हणूनच मागावे लागतात.

इलेक्ट्रोलिटिक. चासीवर उभा असलेला ॲल्युमिनियमचा डबा, बहुधा ५०+५० किंवा ३२+३२ मायक्रोफॅरडचा. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा थर असतो, तोच करंट अडवतो. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की तो थर विरतो, आणि प्लग लावताच रेक्टिफायरचा सगळा करंट त्यातून चासीत जातो. मेणाचा वास, डांबराचा वास, सगळं इथून सुरू होतं.

नवे ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे घ्या. "मोठा घातला तर घुमणारा आवाज (हम) कमी होईल" म्हणून १०० किंवा २२० घालू नका. ईझेड ८०च्या लगतच्या कंडेन्सरला ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. जास्त मोठा घातला तर चालू करताना इतका करंट ओढला जातो की रेक्टिफायरचा कॅथोड उडतो.

जुना डबा शोभेसाठी जागेवर राहू द्या, पण त्याच्या सगळ्या वायरी सोडवा. जुन्याला समांतर नवा लावणं ही नेहमीची चूक. गळक्या कंडेन्सरमधून करंट तसाच गळत राहतो, फक्त हम थोडा कमी होतो आणि माणूस फसतो.

आणि हे नीट बघा: जुन्या डब्याचा उणे टोक चासीलाच आहे का? काही सेटमध्ये डब्याखाली पुठ्ठ्याचा वॉशर असतो आणि उणे टोक एका लहान रेझिस्टन्समधून चासीला जातं. आउटपुट व्हॉल्व्हचा बायस, म्हणजे त्याचा करंट आटोक्यात ठेवणारं उणे व्होल्टेज, तिथून घेतलेला असतो. नव्याचा उणे सरळ चासीला टाकला तर बायस गेला, आणि ईएल ८४ स्वतःला जाळून घेईल.

मेणकागदी. बोटाएवढ्या नळ्या, टोकांना मेण किंवा डांबर. तडा गेलेला असो वा नसो, सगळे बदला. ०.०१ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०१, ०.०५ ला ०.०४७, ०.१ ला ०.१, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन. मायका आणि सिरॅमिकला हात लावू नका, ते बहुधा ठणठणीत असतात.

यातला एक सगळ्यांत महत्त्वाचा: ईएल ८४च्या पिन २ कडे जाणारा, बहुधा ०.०१ किंवा ०.०२ चा. आधीच्या व्हॉल्व्हचं उच्च व्होल्टेज अडवून फक्त आवाज पुढे पाठवणं हे त्याचं काम. कराडच्या एका मित्राने डबा बदलला, हा एक ठेवला, "दिसायला चांगला होता" म्हणून. सेट लागला, गाणंही लागलं. वीस मिनिटांनी मला फोन आला. मी जाऊन पाहिलं तेव्हा ईएल ८४च्या आतली राखाडी नळी मधोमध विटकरी लाल झाली होती. आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याच संध्याकाळी गेला.

विजेच्या वायरीवरचे. मेन्स आणि चासीमधला कंडेन्सर 'वाय २' या सुरक्षा वर्गाचाच लावा, दोन मेन्स वायरींमधला 'एक्स २'. जिवंत चासीच्या सेटमध्ये एरियल आणि अर्थच्या सॉकेटला आतून जे कंडेन्सर असतात तेही 'वाय' प्रकारचेच हवेत. तुम्ही एरियलला हात लावता तेव्हा तुमच्या आणि २३० व्होल्टच्या मधे तेवढाच असतो.

रेझिस्टन्स जागेवरच मोजा. जुने कार्बनचे वर सरकतात: २२०चा ३०० झालेला नेहमी सापडतो. लिहिलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त सरकला तर बदला. जागेवर मोजताना आकडा कमी दिसू शकतो, कारण शेजारून दुसरी वाट असते. जास्त दिसला तर मात्र तो नक्की खराब.

> तपासणी: ईझेड ८०च्या सॉकेटची पिन ३ ते चासी, ओहम. आकडा हळूहळू चढत जाऊन दहा-वीस किलोओहमच्या पुढे थांबायला हवा. कमी आला तर कंडेन्सर उलटा बसला आहे किंवा सोल्डरचा थेंब पडला आहे. पुढे जाऊ नका.

## ५. पहिली वीज: आधी नुसता ट्रान्सफॉर्मर

इथून पुढच्या दोन पायऱ्या एसी सेटच्या आहेत. एसी-डीसी सेटमध्ये सगळे फिलामेंट एका माळेत असतात. एक काढला की बाकीचेही विझतात. तिथे व्हॉल्व्ह सगळे लावून, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि सिरीज बल्ब दोन्ही ठेवूनच सुरुवात करावी लागते.

व्होल्टेजची पट्टी मागे असते: २००, २२०, २४०. ती २४० वर ठेवा. आपल्याकडे रात्री लोड उतरला की लाइन २४० च्या वर जाते. नवीन तीन पिनी वायर, लाइनमध्ये ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज, हिरवी वायर चासीला. ही हिरवी वायर एसी सेटलाच.

सगळे व्हॉल्व्ह आणि डायलचे दिवे बाहेर. सिरीज बोर्डवर ४० वॅटचा बल्ब. चालू करा. बल्ब जवळपास विझलेला राहिला पाहिजे. लालसर जरी पेटून राहिला तरी ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांत शॉर्ट आहे, बंद करा.

ठीक असेल तर रेक्टिफायर ईझेड ८० सोडून बाकीचे व्हॉल्व्ह लावा, बल्ब ६० चा करा. आता फक्त फिलामेंट तापतात, एच.टी. नाही. अंधारात बघा, प्रत्येकात केशरी ठिपका दिसला पाहिजे. पंधरा मिनिटं राहू द्या.

## ६. रेक्टिफायर लावा

स्पीकर जोडलेला आहे ना ते पुन्हा बघा. बिनस्पीकरचा सेट चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. बल्ब १०० वॅटचा. मीटर आधीच जोडून ठेवा: काळी क्लिप चासीला, लाल ईझेड ८०च्या पिन ३ ला, रेंज ६०० किंवा १००० डीसी. हात बाहेर.

चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळेल, मंद होईल, आणि पंधरा-वीस सेकंदांनी रेक्टिफायर तापला की पुन्हा थोडा चढेल. मीटर शंभरच्या पुढे सरकत जाईल. बल्ब मधे असताना पूर्ण व्होल्टेज येणार नाही, ते बरोबरच आहे. बल्ब पूर्ण उजेडाने पेटून राहिला, किंवा मीटर वीस-तीसवर अडला, तर लगेच बंद. चार्ज उतरवा आणि पायरी ४ ची तपासणी पुन्हा करा.

अर्धा तास याच स्थितीत चालवा. नव्या कंडेन्सरवर बोट ठेवून बघायचं ते बंद करून, चार्ज उतरवून. गरम लागता कामा नये.

## ७. पूर्ण व्होल्टेज, आणि चार आकडे

बल्ब काढून थेट लाइनवर. पहिली पाच मिनिटं नजर ईएल ८४वर. आतली नळी लाल व्हायला लागली तर तत्क्षणी बंद. मग मोजा:

- ईझेड ८० पिन ३: २५० ते ३०० व्होल्ट.
- ईएल ८४ पिन ७ आणि ९: दोन्ही २०० च्या वर. पिन ९ वर आहे आणि ७ वर काहीच नाही म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर तुटला. आतली जाळी लाल होण्याआधी बंद करा.
- ईएल ८४ पिन ३: सात व्होल्टच्या आसपास. पिन ३ ते चासी असलेल्या रेझिस्टन्सने भागा. ७.२ व्होल्ट भागिले १५० ओहम म्हणजे ४८ मिलिअँपिअर, उत्तम. साठच्या वर गेला तर कारण शोधा. वर सांगितलेल्या बायसच्या सेटमध्ये पिन ३ थेट चासीला असते, तिथे पिन २ वर उणे सातच्या आसपास यायला हवं.
- ईएल ८४ पिन २, पिन ३ वर सात व्होल्ट असलेल्या सेटमध्ये: शून्य. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. अधिक अर्धा व्होल्ट जरी चढला आणि कंडेन्सर नवा असेल, तर व्हॉल्व्हमध्ये वायू शिरला आहे, तो बदला.

शेवटचा आकडा कुणीच घेत नाही, आणि सेट परत येतात ते त्याच्यामुळेच.

## ८. आवाज, मग स्टेशन

मागून पुढे या. स्पीकरला कान लावा, हलका हम येतो म्हणजे आउटपुट जिवंत. मग ग्रामोफोनच्या सॉकेटला मोबाइलमधलं गाणं ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून द्या. हे फक्त एसी सेटवर. जिवंत चासीला मोबाइल जोडायचा नाही. गाणं स्वच्छ आलं तर अर्धा रेडिओ झाला. खरखर असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये काँटॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाकून वीस-पंचवीस वेळा फिरवा. बॅण्ड स्विचलाही तेच, पण थेंबाथेंबाने, सेट बंद असताना. गंज काढायचा स्प्रे तिथे मारू नका. स्विचच्या तपकिरी पट्टीत तेल मुरतं आणि मग तिच्यातून करंट गळतो.

स्टेशन लागत नसेल तर ऑसिलेटर, म्हणजे सेटच्या आतच लहरी तयार करणारा भाग, चालतो का ते बघा. ईसीएच ८१ च्या पिन ९ वर काही उणे व्होल्ट यायला हवेत, उणे पाच ते दहा. मीटर नको असेल तर खिशातला ट्रान्झिस्टर शेजारी ठेवा. व्हॉल्व्हचा सेट ६०० किलोहर्ट्झवर लावा आणि ट्रान्झिस्टर १०५५ च्या आसपास हळूहळू फिरवा. एका जागी शांतता किंवा शीळ ऐकू आली की ऑसिलेटर चालतो. सेट नेहमी आपल्या स्टेशनपेक्षा सुमारे ४५५ ने वर गुणगुणत असतो. म्हणूनच सांगलीत कुणी व्हॉल्व्हच्या सेटवर पुणे केंद्र, म्हणजे ७९२ लावलं, की शेजारच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरवर १२५१ च्या सांगली केंद्रात शीळ मिसळते. दोन्ही सेट चांगले असतात, तरी दुरुस्तीला येतात.

एरियलला सहा-आठ मीटर तार गच्चीवर ताणा. आधी घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर बंद करून ऐका. आजचा निम्मा खरखराट तिथून येतो. शॉर्टवेव्हवर दुपारी शांतता असली म्हणून बिघाड समजू नका. पूर्वीइतकी केंद्रं राहिली नाहीत, अंधार पडल्यावर बघा. वळवाचे ढग दिसले की एरियल सेटमधून काढून ठेवायची.

## ९. आयएफच्या खिळ्यांना हात लावू नका

आयएफ म्हणजे सेटच्या आतली ठरावीक मधली फ्रिक्वेन्सी. तिच्या चौकोनी ॲल्युमिनियमच्या डब्यांच्या भोकांत फेराइटचे स्क्रू दिसतात. आवाज कमी वाटला की लोक ते फिरवतात. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये आवाज कमी होण्याची दहा कारणं असतात, आणि हे त्यातलं अगदी शेवटचं. एकदा फिरवले की सिग्नल जनरेटरशिवाय जागेवर येत नाहीत, आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने फेराइट फुटून आत अडकतं. जनरेटर असेलच तर आधी सर्किटच्या कागदावर आयएफचा आकडा बघा: ४५५ असेल, ४५२ असेल, ४७० असेल. अंदाजाने ४५५ धरू नका.

डायलची सुई तेवढी जुळवा. सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झ, डायल मीटरमध्ये असेल तर २४० मीटर. पुणे ७९२, म्हणजे ३७९ मीटर. दोन्हीकडे सुई सारखीच सरकलेली असेल तर ती दोरीवर सरकवून बसवा. दोरी निसटत असेल तर राळ लावा. गुळगुळीत नायलॉनची दोरी घालू नका, विणलेली घ्या.

## १०. डायल आणि पेटी

डायलच्या काचेवरची केंद्रांची नावं काचेच्या मागच्या बाजूला रंगवलेली असतात, आणि तो रंग चाळीस वर्षांनी नुसता चिकटून राहिलेला असतो. माझ्या पहिल्या सेटची काच मी स्पिरिटने पुसली. एका हाताच्या फटकाऱ्यात निम्मी गावं कापसावर आली. ते अजून मला आठवतं. पुढची बाजू ओलसर फडक्याने, मागची बाजू फक्त मऊ कोरड्या ब्रशने, तेही अक्षरं टाळून.

पेटीला टचवूड किंवा पीयू मारू नका. मूळ पॉलिश लाखेचं असेल तर लाखच लावा. ते ओळखायला तळाशी स्पिरिटचा एक थेंब टाका: चिकट झालं तर लाख. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यावर हे काम कसं चालतं ते तासभर उभं राहून बघा: कापसाची पुरचुंडी, पातळ लाख, हात कुठेही न थांबवता गोल फिरवायचा. विचारलंत तर सांगतातही. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत लाख पांढरी पडते.

पेटीत बसवल्यावर पहिल्या दिवशी तासभर चालवा, बंद करून प्लग काढा आणि ट्रान्सफॉर्मरवर तळहात ठेवा. हात ठेवून राहता आलं पाहिजे. मागचा पुठ्ठा लावल्याशिवाय सेट घरात ठेवू नका, लहान मुलं असतील तर मुळीच नाही. पुठ्ठा फाटला असेल तर तसाच भोकांचा नवा कापून घ्या, हवा खेळायला भोकं लागतात.

पायरी ७ चे आकडे, बदललेल्या भागांची यादी आणि तारीख एका कागदावर लिहून पेटीच्या आत, तापणाऱ्या व्हॉल्व्हपासून लांब, चिकटवा.